पांढऱ्या रक्ताची मूळपीठिका

झाडाला आधी मूळ फुटते आणि मागाहून शेंडा येतो. राजघराण्याचे नेमके उलटे असते. शेंडा आधी गादीवर बसतो, पाय पसरतो, विडा चघळतो, आणि मग खाली मान घालून बसलेल्या मंडळींना विचारतो, "आमचं मूळ कुठं आहे?" हा प्रश्न ज्या राज्यात विचारला जातो ते राज्य स्थिर झाले असे खुशाल समजावे. अस्थिर राज्यात राजाला असले प्रश्न सुचायला सवड नसते.

आमच्या मलय किनाऱ्यावरचे केलंपायनचे राज्य तिसऱ्या पिढीत स्थिर झाले. (पहिल्या पिढीत ते राज्य नव्हते आणि दुसऱ्या पिढीत ते आहे की नाही याची शेजारी अधूनमधून चौकशी करीत.) या राज्याचे संस्थापक आवांग जेर्माल हे थोर पुरुष, नदीचे गोडे पाणी जिथे समुद्राला मिळते तिथे बांबूचे खांब रोवून मासे धरीत. एकदा एका व्यापाऱ्याचे गलबत त्यांच्या खांबांत अडकले. ते सोडवून दिल्याबद्दल व्यापाऱ्याने आपण होऊन मिठाची काही पोती काढून दिली. आवांग जेर्मालांनी त्यावर खोल विचार केला आणि दुसऱ्या दिवशी खांब आणखी थोडे आत रोवले. पुढे मासे धरण्याचे काम त्यांना बंदच करावे लागले, कारण लोकसेवेतून वेळ मिळेना.

त्यांच्या मुलाने या मिठाला कर असे नाव दिले, खांबांवर भाले घेतलेली माणसे बसवली आणि डोक्यावर पिवळी छत्री धरली. नातू सुलतान तकियुद्दीन शाह हा त्या छत्रीखालीच जन्मला, त्यामुळे छत्री आभाळाइतकीच जुनी आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माणूस मनाने सरळ होता. जे सांगितले जाई ते तो खरे मानी. आणि राजाला काय काय सांगितले जाते याचा विचार करता त्याचे स्वतःबद्दलचे मत फार चांगले झाले होते, यात नवल नाही.

या सुलतानाची मुलगी तेंग्कू एंबुन लग्नाची झाली. शेजारच्या मेरांती राज्याच्या युवराजाकडून विचारणा आली. मुलगी पसंत होती, देणेघेणे पसंत होते, दोन राज्यांमधली भांडणेही इतकी जुनी झाली होती की दोन्हीकडे त्यांचा कंटाळा आला होता. मेरांतीच्या दरबाराने एकच निरोप धाडला: "बाकी सगळं ठीक. घराणं तेवढं कळवा."

हा निरोप खतीब मुनापच्या गळ्यात पडला. मोठ्या मशिदीत शुक्रवारचे प्रवचन करायचा म्हणून तो खतीब, आणि अक्षर मोत्यासारखे म्हणून राज्याचा वंशलेखक. मूलबाळ नव्हते. बायको मेक सोम ही गावची सुईण आणि राजवाड्याची कान टोचणारी. हे काम तिच्या आईकडून तिच्याकडे आले होते. गावातले निम्मे लोक तिच्या हातात जन्मले होते आणि उरलेल्या निम्म्यांना ती ओरडायची.

मलय किनाऱ्यावर वंशावळ लिहिण्याचे शास्त्र फार पुढारलेले आहे. आरंभ इस्कंदर झुल्कर्नैनपासून करावा लागतो. हा पुरुष पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत जग जिंकत गेला असे म्हणतात. पण आमच्याकडच्या वंशावळी पाहता तो प्रत्येक नदीच्या मुखाशी उतरून लग्न करीत गेला आणि जग जिंकणे वाटेत आपोआप उरकले. त्यानंतर कोणीतरी डोंगरावर अवतरावे लागते. (चढून जाणाऱ्याला वंश नसतो. चढून कोणीही जातो.) शेवटी एक स्त्री कशाच्या तरी आत सापडावी लागते, आणि खरी अडचण इथे येते, कारण चांगल्या जागा आधीच गेलेल्या असतात.

"बांबूतून काढतो," मुनाप म्हणाला.

"बांबू नको," बेंदाहारा म्हणाला. हा राज्याचा दिवाण. बारीक, कोरडा आणि कायम पोट दुखत असल्यासारखा चेहरा असलेला. "बांबूतून मेरांतीवाल्यांची खापरपणजी निघाली आहे. एकाच बेटातली म्हणून लग्न मोडेल."

"नदीच्या फेसातून?"

"तो दक्षिणेकडच्यांनी घेतला."

सुलतानाची आत्या पडद्याआडून म्हणाली, "फणसातून काढा की. चांगला मोठा असतो."

"चीक लागेल, आईसाहेब."

मोठ्या खलानंतर ही स्त्री कासवाच्या अंड्यातून काढण्याचे ठरले. किनाऱ्यावर कासवे भरपूर, आणि अजून कोणाचे तिकडे लक्ष गेले नव्हते. मात्र याचे काही परिणाम झाले. कासवाची अंडी हे केलंपायनच्या लोकांचे रोजचे खाणे. राजघराण्याच्या मूळ मातोश्री ज्यात होत्या ती वस्तू बाजारात उकडून विकली जाणे बरे दिसेना, म्हणून अंडी खाण्यावर बंदी आली. आधी खाल्लेल्यांना माफी देण्यात आली, कारण त्यात सुलतान स्वतः येत होता. (राजा खात नाही, आरोगतो; झोपत नाही, पहुडतो. तरी आपण आजवर सकाळी सकाळी काय आरोगत होतो हे कळल्यावर त्याने त्या दिवशी उपास केला. मनाने सरळ होता असे वर म्हटलेच आहे.)

मेरांतीची वंशावळ बत्तीस पिढ्यांची होती, म्हणून केलंपायनची पस्तीस पिढ्यांची करण्याचा हुकूम झाला. विसाव्या पिढीच्या आसपास मुनापजवळची नावे संपली. मग त्याने शेजारपाजारची घेतली. नावा बांधणारा लातिफ चोविसाव्या पिढीत राजा झाला आणि त्याने दोन बंडे मोडली. वास्तविक लातिफला स्वतःच्या घरात कोंबडी हाकलायची चोरी. आवांग जेर्माल हे "गोड्या व खाऱ्या पाण्याच्या संगमी न्यायाचे स्तंभ उभारणारे" झाले. मुनापला आपले काम मनापासून आवडत असे. आपण खोटे लिहितो असे त्याला कधी वाटले नाही. जे घडायला हवे होते ते घडायचे राहून गेले, एवढेच तो दुरुस्त करीत होता.

मेरांतीचा वकील दातुक पदुका वंशावळ ऐकायला आला. हा म्हातारा डोळे मिटून ऐकायचा. मुनापने अंडे फोडले, डोंगर उतरला, पस्तीस पिढ्या एका दमात म्हणून दाखवल्या. दातुकाने एक डोळा उघडला.

"छान आहे. सगळीकडे असंच असतं."

सुलतानाचा चेहरा पडला. मुनापचा त्याहून पडला. कोणत्याही लेखकाला शिवी दिलेली चालते, पण सगळीकडे असंच असतं हे चालत नाही. त्याच्या तोंडून निघून गेले, "आणि या घराण्याचं रक्त पांढरं आहे."

दातुकाने दुसरा डोळा उघडला. "मूळ पुरुषाचं?"

"सर्वांचं. आजतागायत."

दातुक सावरून बसला. "आमच्याकडंही पूर्वी होतं हो. बारा पिढ्यांपूर्वी लाल झालं. का झालं ते कळलंच नाही." त्याने खरोखरच हळहळत मान हलवली. "लग्नाआधी राजकन्येचे कान टोचायचे आहेत ना? रिवाजच आहे. आमच्यासमोर टोचा. म्हातारपणी एवढं तरी बघून डोळे निवू देत."

सुलतान आनंदाने वेडा झाला. त्याने अस्तनी वर करून मनगटावरची शीर निरखली. "थोडं हिरवट दिसतंय, खतीब."

"वरून तसंच दिसतं, तुआंकू."

"अरे, मग हे आम्हाला आधी कोणी का नाही सांगितलं!" आणि त्याच आनंदाच्या भरात त्याने हुकूम सोडला की, हे रक्त कोणी विटाळले तर त्याचे दोन्ही हात मनगटापासून उतरवावेत. लगोलग दवंडीही पिटली गेली.

बाहेर पडताना बेंदाहाराने मुनापला गाठले. "रक्ताचं तुम्ही आधी बोलला नव्हतात."

"ओघात आलं."

"ओघात राज्यं जातात." त्याने पोटावर हात दाबला. "आता नीट ऐका. रक्त पांढरं आहे हे वंशावळीत आलं, म्हणजे ते आता बदलणार नाही. कान टोचल्यावर लाल आलं तर याचा अर्थ ते कोणीतरी लाल केलं. त्या वेळी कानाच्या सगळ्यात जवळ कोण असेल?"

मुनापला उत्तर ठाऊक होते. त्याच्या घरातच ते चुलीशी बसून मासळी खारवत होते.

मेक सोमने सगळे ऐकून घेतले, हात धुतले, विडा लावला, आणि मग बोलायला सुरुवात केली.

"तेंग्कू एंबुन कोणाच्या हातात जन्मली? माझ्या. नाळ कोणी कापली? मी. तेव्हा काय निघालं होतं? ताक?"

"सोम, मी हळूच बोललो होतो."

"मग त्या म्हाताऱ्याला ऐकू कसं गेलं?"

"तो जागा झाला."

"पस्तीस पिढ्यांत झोपला होता तो चांगला झोपला होता! तुम्हाला कोणी सांगितलं होतं उठवायला? तुमच्या जिभेला हाड नाही, आणि आता माझ्या हातांना मनगट राहणार नाही."

मुनापने तिच्या हातांकडे पाहिले. हळदीने नखे पिवळी पडलेली, अंगठ्याशी चुलीचा जुना चटका. इतकी वर्षे त्याच हातांनी त्याच्या ताटात भात वाढला होता आणि त्याने ते कधी नीट पाहिलेही नव्हते. त्याला भीती वाटली. स्वतःबद्दलच्या भीतीची त्याला चांगली सवय होती. ही दुसरी भीती जास्त वाईट असते हे त्याला या वयात कळले.

"पळून जाऊ," तो म्हणाला.

"कुठं? नदीला तोंड एकच, आणि तिथं तुमचे ते न्यायाचे स्तंभ आहेत."

तेव्हा शास्त्रीय मार्गाने जायचे ठरले. मेक सोमने मुनापला ओट्यावर बसवून त्याचेच कान टोचून पाहिले. प्रथम कोरडे. मग तांदळाची पिठी थापून. मग नारळाच्या दाट दुधात पाळी भिजवून. दुधाने रंग गुलाबी आला. (गुलाबी रक्ताचे घराणे काढता येईल काय, असा विचार मुनापच्या मनात क्षणभर येऊन गेला. पण दवंडी पिटून झाली होती.) येणारेजाणारे थांबून बघू लागले, कारण पन्नाशीचा खतीब ओट्यावर बसून कान टोचून घेतो आणि "आई गं" म्हणतो हे रोज दिसत नाही. शेवटी मेक सोमने सुई खाली ठेवली.

"राहू द्या. आता भोकं उरायची नाहीत."

मग ती त्याच्या कानांना हळद लावीत बसली.

ठरल्या दिवशी राजवाड्याच्या दिवाणखान्यात नौबत झडली. पिवळ्या चिकट भाताच्या राशी रचल्या होत्या, भातावर उकडलेली अंडी खोवली होती (कोंबडीची). तेंग्कू एंबुन पिवळ्या गादीवर बसली. दातुक पदुका दोन्ही डोळे उघडे ठेवून अगदी जवळ येऊन बसला. मेक सोमने राजकन्येच्या पाळीमागे हळदीचा तुकडा धरला, पुटपुटत देवाचे नाव घेतले आणि सोन्याची सुई पार केली.

थेंब आला. तो आधी कानावर थबकला, मग पिवळ्या रेशमावर पडला. ज्याला डोळे आहेत त्याला त्याचा रंग सांगायची गरज नव्हती.

दरबारी माणसांना अशा वेळी काय करायचे ते लहानपणापासून शिकवलेले असते. दीडशे माणसे एकदम छताचे वासे बघू लागली. बेंदाहारा तर म्हणूनही गेला, "वा, किती शुभ्र!" आणि गोष्ट तिथे मिटलीही असती. पण त्या सभेत वंशावळ खरी मानणारा एक माणूस होता, आणि दुर्दैवाने तो गादीवर होता.

"हे तर लाल आहे!" सुलतान ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "आमच्या पोरीचं रक्त कोणी लाल केलं?"

राजा बोलला म्हटल्यावर आता सर्वांनाच लाल दिसू लागले. बेंदाहाराने आपले वासे सोडले आणि कर्तव्याला लागला. तर्क त्याच्याजवळ तयार होता.

"तुआंकू, राजकन्येचं रक्त पांढरं, याबद्दल वाद नाही. लाल रक्त या गादीपाशी एकाच व्यक्तीचं. ते हिच्या बोटांतून सुईवाटे कानात शिरलं. अपराध उघड आहे."

दोन भालेकरी पुढे आले. मेक सोमने हात मागे घेतले नाहीत, मांडीवरच ठेवले. फक्त एकदा वळून नवऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात दया नव्हती.

खतीब मुनाप भित्रा माणूस. 'सगळे मी रचले' हे तीन शब्द त्याच्या घशापर्यंत आले आणि तिथेच बसले, कारण ते बाहेर आले असते तर त्याची मान आणि तिचे हात दोन्ही गेले असते. पण त्याला दुसरे एक येत होते. कोणी एक पायरी बांधून दिली की तिच्यावर पुढची बांधणे हा त्याचा धंदाच होता.

"बेंदाहारा म्हणतात ते अक्षरशः खरं आहे," तो उभा राहून म्हणाला. "लाल रक्त सुईवाटे आत गेलं. मग माझी एकच शंका आहे. कानात जे पांढरं होतं, ते कुठं गेलं?"

बेंदाहाराने पुन्हा छताचे वासे धरले.

"ते बाहेर सांडलं असतं तर दिसलं असतं. इतके मान्यवर बसले आहेत. कोणाला दिसलं?"

कोणालाच दिसले नव्हते.

"म्हणजे ज्या वाटेनं लाल आत गेलं, त्याच वाटेनं पांढरं माघारी आलं."

सगळी सभा मेक सोमच्या उजव्या हाताकडे बघू लागली. मेक सोमनेही बघितले.

"म्हणजे आमचं रक्त हिच्या अंगात आहे?" सुलतानाने विचारले.

"अगदी थेंबभर, तुआंकू," बेंदाहारा घाईने म्हणाला.

"थेंबभर म्हणजे काय? पस्तीस पिढ्यांनी आमच्यापर्यंत घागरी आणल्या होत्या काय?"

हे बिनतोड होते. मुनापने धीर करून शेवटची पायरी बांधली. "आणि राजरक्त लोखंडाने सांडायचं नाही, हा रिवाज आहे. तुआंकूंच्या चुलत्यांनी बंड केलं तेव्हा त्यांनाही मानाने पाण्यात बुडवलं होतं. हात कसे तोडणार?"

एक तरुण सरदार म्हणाला, "आधी हिला टोचून बघू या ना, खरंच पांढरं आहे का."

"बघायचं तर सांडावं लागेल," मुनाप म्हणाला.

तरुण सरदार खाली बसला. तेवढ्यात राजकन्येने, जिला कोणी काही विचारले नव्हते, कान चोळत सांगितले, "माझ्यातून काहीतरी गेल्यासारखं झालं खरं." तिचा मेक सोमवर लहानपणापासून जीव होता. सर्वांत जास्त समाधान दातुक पदुकाला झाले. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "आमचं रक्त लाल कसं झालं ते आज कळलं! कान टोचणारणींनी नेलं की हो सगळं!" लग्न तिथल्या तिथे पक्के झाले.

दरबारने ठराव केले. राजकन्येला लागलेला लाल दोष कानाच्या पाळीपुरताच मर्यादित आहे. दुसरा कान टोचू नये. (म्हणून केलंपायनच्या थोरामोठ्यांच्या बायका आजही एकाच कानात फूल घालतात. दोन्ही कानांत घालणारी ती हलक्या घरची.) मेक सोम इतःपर, राजरक्ताच्या किताबासह, तेंग्कू सोम.

मुनाप घरी धावत गेला. उड्या मारणे खतीबाला शोभत नाही म्हणून त्याने चुलीपाशी एकट्यानेच एक मारून घेतली. हात वाचले होते. तिच्यासाठी भात टाकावा असे इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्या मनात आले, आणि त्याने टाकलाही. भात होईपर्यंत दारात बेंदाहारा उभा होता. बरोबर पिवळी छत्री होती, ती दारातून आत येत नव्हती.

"तेंग्कूंचे कपडे न्यायला आलो आहे."

"ती घरी येणार नाही?"

"कोणाच्या घरी?" बेंदाहाराने शांतपणे विचारले.

इथे ज्या गोष्टीचा मुनापने विचार केला नव्हता ती पुढे आली. राजघराण्यातली स्त्री खतीबाच्या झोपडीत राहू शकत नाही. खतीबाने तिच्यासमोर बसायचे तर पायरीखाली, बोलायचे तर स्वतःला 'पातिक', म्हणजे दास, म्हणवून घ्यायचे, आणि वर मान करायची नाही. तो भेटायला गेला तेव्हा मध्ये पडदा होता आणि पडद्याशी एक दासी होती, कारण एवढ्या मोठ्या माणसांना सरळ बोलता येत नाही.

"जेवलात का?" पडद्याआडून मेक सोमचा आवाज आला.

"तेंग्कू विचारतात," दासी म्हणाली, "पातिकच्या पोटात काही गेलं का."

"भात करपला," मुनाप म्हणाला.

"पातिक कळवतो की भाताबाबत त्याच्याकडून प्रमाद घडला."

"मेलं, पाणी कमी घातलं असेल!"

दासी जरा घुटमळली. "तेंग्कूंना पाण्याच्या प्रमाणाबद्दल चिंता वाटते."

मुनापने बेंदाहाराचे पाय धरले. "मलाही टोचा. थेंबभर मलाही द्या. तसे माझे कान तिनं टोचलेलेच आहेत, हे बघा."

"तेव्हा तिचं रक्त लाल होतं. तुम्हाला लालच मिळालं."

"मग आता टोचू दे."

"तेंग्कूंनी प्रजेला हात लावायचा नाही." बेंदाहाराचा आवाज त्यातल्या त्यात मऊ झाला, त्याचेही घर होते. "खतीब, तुमचाच तर्क आहे. मी फक्त चालवतो आहे. आणि अजून एक काम आहे. मेरांतीला नवी वंशावळ धाडायची, त्यात तेंग्कू सोम यायला हव्यात. राजकन्येला पाठराखीण म्हणून त्याच जायच्या आहेत. राजकन्येचा तसा हट्ट आहे."

"कधी परत येतील?"

"पाठराखीण परत येत नसते, तुम्हाला ठाऊक आहे. तर त्यांच्या नावाशेजारी नवरा ठेवता येणार नाही."

"वारला म्हणून लिहू?"

"वारलेल्या नवऱ्यालाही घराणं लागतं. नव्हताच असं लिहा. तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे."

मुनापने ताडपत्रासारखा जाड कागद पुढे घेतला. लातिफ नाववाल्याला त्याने दोन बंडे मोडायला लावली होती, तेव्हा हात अडखळला नव्हता. कधीही न झालेल्या तीसेक माणसांना जन्माला घालताना त्याने एकदाही खाडाखोड केली नव्हती. एका झालेल्या माणसाला नाहीसे करताना मात्र त्याला तीन वेळा बोरू बदलावा लागला, आणि शेवटी तो रडला. मग डोळे पुसून, ओळ सरळ येते आहे ना हे पाहून, त्याने लिहिले: तेंग्कू सोम, अविवाहित.

ओहोटी लागायच्या आत नाव सुटायची होती. सगळे गाव काठावर होते. राजकन्या एका कानात फूल घालून रडत होती. पाठराखीण पिवळ्या पडद्यामागे होती. नाव दोन वल्ही मारून पुढे गेली आणि पडदा एकदम बाजूला झाला. दासीला मध्ये पडायला वेळच मिळाला नाही.

"अहो खतीब! माझ्या नावाशेजारी काय लिहिलंत?"

मुनाप चिखलात गुडघ्यांवर बसला होता. त्याने रिवाज मोडून मान वर केली. "काही नाही."

"काहीच नाही?"

"तसंच लिहायला सांगितलं होतं."

मेक सोमने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. हात नावेच्या काठावर होते, दोन्ही, शाबूत.

"बरं झालं," ती म्हणाली. "शाई वाचली."

केलंपायनची वंशावळ आज आमच्या किनाऱ्यावर अस्सल मानली जाते. तिच्यात लातिफ आहे, कासव आहे, आणि पाठराखीण तेंग्कू सोमही आहेत. ज्याने लिहिली तो नाही. परमुलखातला कोणी पाहुणा ही हकीकत ऐकून हसू लागला की आमचे लोक रागावत नाहीत. ते त्याला सुपारी देतात, जवळ बसवतात आणि त्याच्या घराण्याची चौकशी करतात. पाहुणा खुलतो. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या किल्ल्यावर होता, कोणत्या लढाईत पडला, सगळे घडाघडा सांगतो. बाप, आजा, पणजा, खापरपणजा; एकही पिढी चुकत नाही, आणि त्याची वंशावळ खरी असते यात आम्हाला शंका नाही. तुमचीही असेलच. तेव्हा हसून झाले असेल तर आता तुमच्या खापरपणजीचे नाव सांगा.

(खापरपणजोबांचे नको. ते तोंडपाठ आहे.)